रुखवतात गेलेलं स्टेशन

तीर्थपुरीला रेल्वे नव्हती, आजही नाही. पण दोन वर्षं तीर्थपुरीचं स्टेशन जालन्यातल्या एका माडीवर होतं, आणि ते मी बांधलं होतं.

मी तेव्हा जालन्याच्या हायस्कुलात शिकत होतो आणि बोर्डिंगात राहत होतो. रविवारी संध्याकाळी बोर्डिंगाची चूल बंद असे. त्या वेळचं माझं जेवण एका वर्गमित्राच्या घरी ठरलेलं होतं. त्याच्या वडिलांचा कापसाचा व्यापार. त्या घरानं वाढताना मला कधी परकं मानलं नाही. हे आधीच सांगतो, कारण त्या घराचं मीठ मी खाल्लं आहे आणि पुढचं लिहिताना ते विसरायचं नाही.

मित्राला वडिलांनी हैदराबादहून किल्लीची आगगाडी आणली होती. पत्र्याचं इंजिन, मागं दोन डबे, आणि जोडून गोल करायचे रूळ. गाडी नुसती फिरते, कुठंच जात नाही, म्हणून काही दिवसांत तो कंटाळला. मी म्हटलं, आपण तिला जायला मुलूख करू. माडीवर जुन्या दाराची एक फळी पडून होती, ती आम्ही दोन पेट्यांवर आडवी टाकली. गाडी त्याची, मुलूख माझा, अशी वाटणी आपोआपच झाली. तो किल्ली द्यायचा आणि मी हात चिकट करून घ्यायचो.

त्या फळीवरच्या काही जागा मला अजून डोळे मिटून दिसतात. एका कोपऱ्यात जिनिंगचं आवार होतं. तिथं गोणपाटाच्या तुकड्यात खरा कापूस भरून शिवलेल्या गाठी रचल्या होत्या, आणि एक गाठ मुद्दाम फुटकी ठेवली होती, कारण खऱ्या आवारात एक तरी फुटकी असतेच. पूल सायकलीच्या आऱ्यांचा. खाली नदी म्हणून फुटक्या आरशाचा तुकडा, कडेला चाळलेली वाळू. गाडी पुलावर आली की दुसरी गाडी खालून उलटी जाताना दिसे. डोंगर कागदाच्या लगद्याचा. लगद्यात मेथीचं पीठ घालायला मित्राच्या बहिणीनं शिकवलं, म्हणजे कीड लागत नाही. सुकलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं. सिग्नलचा हात दोरा ओढला की खाली पडायचा. तो नीट पडावा म्हणून मी कितीतरी रविवार घालवले.

आणि डोंगराच्या पलीकडं, सगळ्यात शेवटी, तीर्थपुरी. एक कौलारू खोली, एक लिंब, लिंबाखाली पार, आणि पारावर बोचकं घेऊन बसलेली मातीची माणसं. समोर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव. गाडी तिथं थांबावी म्हणून मी रुळाला किंचित चढ दिला होता. किल्ली उतरत आली की ती बरोबर पाटीसमोर दम टाकायची.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा मायला हे सगळं सांगितलं. ती कधी गाडीत बसली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, पण एकदा परतूरच्या स्टेशनवरची मोठी पाटी पाहून तिनं मला विचारलं होतं की एवढ्या मोठ्यानं काय लिहिलंय. गावाचं नाव, म्हटल्यावर तिला फार नवल वाटलं होतं. आता आपल्या गावाची पाटी म्हटल्यावर ती म्हणाली, मी येईन बघायला. मी परत आल्यावर मित्राला तेवढंच मागितलं, की माय येईपर्यंत काही मोडू नको. तो म्हणाला, "बिलकुल हात लावणार न्हाई."

उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं लग्न सेलूच्या मुलाशी ठरलं. काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईनं, आठवणीनं माझ्या मायलाही बोलावणं धाडलं. मी दोन दिवस आधीपासून पाणी भरणं, पत्रावळी लावणं यात होतो. माडीला कुलूप होतं. दागिने ठेवलेत, असं मित्रानं सांगितलं आणि मला ते खरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी माय सकाळच्या बसनं आली. मंडपात एका बाजूला रुखवत मांडलं होतं. नवरीच्या हातचे रुमाल, मण्यांचे पोपट, साखरेचे डबे. लग्नानंतर हे सगळं तिच्याबरोबर सासरी जायचं. मधोमध आमची फळी होती. तिच्यापुढं चिठ्ठी होती, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीनं स्वहस्ते केल्याची. पाटी नव्यानं रंगवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, सेलू.

सेलूला खरी रेल्वे आहे, खरं स्टेशन आहे.

मायला बाजूला घ्यायला मला वेळ मिळाला नाही. माय बायकांच्या गर्दीतून पुढं सरकली होती. तिनं पाटीला बोट लावलं आणि शेजारच्या बाईला अभिमानानं सांगितलं की हे आमचं तीर्थपुरी, माझ्या लेकानं केलंय. ती बाई वरपक्षाकडची होती आणि शिकलेली होती. ती हसून म्हणाली, "तीर्थपुरी कुठलं बाई, सेलू लिहिलंय इथं. आमचं गाव हाय हे. अन् केलंय आमच्या सूनबाईनं."

तेवढ्यात मित्र समोरून आला. बरोबर नवऱ्या मुलाचे काका होते, त्यांचा हात त्याच्या खांद्यावर. मायनं त्यालाच धरलं. "हे ह्यानंच केलं ना रं बाबा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग काकांकडं. "मदत केली की त्यानं, मावशी," तो म्हणाला. "डिंक लावून द्यायचा. लई बराबर लावायचा."

काका हसले. माय हसली नाही.

जेवणं झाल्यावर वरपक्षाची गाडी निघायची होती. फळी कुठून धरली की पूल हलत नाही हे मला ठाऊक, म्हणून उचलायला मलाच हाक आली. मी उचलली.

बसस्टँडकडं जाताना माय म्हणाली, "डिंक लावणं बी कामच हाय. त्यात लाज कशाची? पण जेवढं केलं तेवढंच सांगावं माणसानं."

मी तिला सगळं सांगितलं. पाटीचं, सिग्नलचं, कुलपाचं. तिनं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. आमचे बैल पडत्या भावात मागायला येणाऱ्या दलालाला ती असंच "बरं" म्हणून वाटेला लावायची.

मित्रानं नंतर मला समजावलं. वडिलांनी वरपक्षाला भरल्या रुखवताचा शब्द दिला होता, रुखवत रिकामं दिसत होतं, बहीण काय तुला परकी आहे का. तुझं त्यात गेलं काय, कागद अन् डिंक. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानंतर रविवारी संध्याकाळी मी बोर्डिंगातच चुरमुरे खाऊन झोपू लागलो. काकूंचे निरोप येत राहिले, पण माझ्यानं जाववलं नाही.

पुढं औरंगाबादच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात शाळेची सातवीसुद्धा कोणी पाहिली नव्हती. पदवीचा कागद घेऊन गावी आलो, मायच्या पाया पडलो. तिनं तो कागद कपाळाला लावला. मग डोक्यावरून पदर घेतला आणि शाळेच्या गुरुजींकडं निघाली. मी मागोमाग गेलो.

"गुरुजी, ह्याच्यावर नाव कुणाचं हाय तेवढं वाचा," ती म्हणाली.

गुरुजींनी माझं नाव वाचलं.

"परत एकदा वाचा," माय म्हणाली.