चढावर पाठीला लागलेला हात

मी आज जो काही आहे, तो गायकवाड सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. गावात सातवीपुढे शाळा नव्हती, तेव्हा सरांनी मला जिंतूरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यांचा सिद्धार्थ आणि मी एकाच ताटात जेवून वाढलो. सर विज्ञान शिकवायचे. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवायचे आणि मग त्यामागचं कारणही सांगायचे. त्यामुळे भूत, आत्मा वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. या पेजवर लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी ऑफिसच्या कॅबमध्ये वाचायचो आणि मनात म्हणायचो – झोप झाली नसेल बिचाऱ्याची...

आज मीच लिहायला बसलोय.

मी नोएडात सेक्टर एकाहत्तरला राहतो, आयटीत आहे. सिद्धू यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत आला तेव्हा सरांचा फोन आला होता, "लक्ष ठेव रे त्याच्यावर. एकुलता एक आहे."

"सर, हे सांगायला हवं का?" मी म्हणालो होतो.

शनिवारी तो मेट्रोने माझ्याकडे यायचा आणि रविवारी सकाळी आम्ही सायकली काढायचो. इकडे मोटरसायकलवर दोघं येतात, हातातला फोन हिसकावतात आणि जातात. म्हणून आमचे नियम ठरलेले – फोन बॅगेत, रस्त्याची डावी कड सोडायची नाही, मागे एखादी बाइक रेंगाळली की मागच्याने घंटी वाजवायची. मागे कायम सिद्धू, कारण तो तगडा. शाळेच्या वाटेवरच्या चढावर तो एका हाताने स्वतःचं हँडल धरून दुसरा तळवा माझ्या पाठीला लावायचा आणि मला वर ढकलायचा. ती सवय इथल्या उड्डाणपुलावरही चालू होती. मी मुद्दाम पाय थांबवले की ओरडायचा, "पेडल मार ना दादा! गोणी आहेस का?"

त्या रविवारी धुकं विरलं होतं, कोवळं ऊन पडलं होतं. पाहतो तर त्याचा फोन हँडलच्या स्टँडवर आणि कानात इअरफोन.

"फोन आत टाक."

"परवा टेस्ट आहे यार. करंट अफेअर्सचं लेक्चर राहिलंय."

"मग रस्त्यावर ऐकणार?"

"बिल्कुल. मला कुठे तुझ्यासारखी एसीतली नोकरी आहे!"

दोघंही हसलो. मी पुढे झालो.

उड्डाणपुलाचा चढ लागला आणि नेहमीसारखा पाठीला तळवा टेकला. पूर्ण, पसरलेला, जॅकेटमधूनही जाणवेल असा. मी सवयीने पाय थांबवले. सायकल चढतच राहिली. मागून नेहमीचं ओरडणं आलं नाही. "बस आता, दमशील," मी म्हणालो. तळवा आणखी जोरात दाबला गेला... आणि माथ्यावर पोचल्यावर अलगद निघाला.

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मला वाटलं, गंमत करतोय. आत्ता तर हात होता, जाणार कुठे? कठड्याला सायकल टेकवून मी उभा राहिलो. फोन लावला तर बंद. बॅटरी गेली असेल म्हणून आणखी थांबलो. चक्क ऊन खात उभा होतो मी!

शेवटी उलटा उतरलो. चढ सुरू व्हायच्याही अलीकडे, दुभाजकाजवळ माणसं जमली होती. सिद्धू खाली पडलेला. स्टँडवर फोन नव्हता.

चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "फोन छीन रहे थे, इसने छोड़ा नहीं. घसीट दिया. आप तो तब पुल पर चढ़े भी नहीं थे भैया! कितनी आवाज़ दी आपको..."

मला एकही हाक ऐकू आली नव्हती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. दुपारी तो गेला.

नंतर पोलिसांनी पुलावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं. त्यात मी एकटाच चढतोय. पाय स्थिर, सायकल वर जातेय. हवालदाराने ते पुन्हा लावलं. "कैमरा पुराना है, अटकता है," असं म्हणून त्याने ते बंद केलं.

असेलही. सवयीचा भासही असेल. पण भास सायकल ढकलतो का? आणि तो सिद्धूच असेल, तर त्याने मला मागे का वळू दिलं नाही? ते बाइकवाले माझ्याही मागे लागतील म्हणून? मी रोज हाच विचार करतो.

तेराव्यानंतर सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "तू पुढे होतास ना? मग परत यायला इतका वेळ का लागला?" मी फोन ठेवला. मग मी त्यांना हे पाठवलं –

"आदरणीय सर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं नाही. मला उशीर झाला, कारण सिद्धू माझ्यासोबत आहे असं मला वाटत होतं. त्याचा हात माझ्या पाठीला होता. तो खाली पडला होता त्याच वेळी होता. हे कसं, ते मला माहीत नाही. स्वतःला वाचवायला मी हे रचलंय असं तुम्हाला वाटलं, तर मी काही बोलणार नाही. पण तुमच्याशी मी आजवर खोटं बोललेलो नाही.

तुम्ही मला घरात घेतलंत, आणि मी तुमचा मुलगा रस्त्यावर सोडून वर ऊन खात उभा राहिलो. यापुढे तुम्हाला तोंड कसं दाखवू?

काकूंना हे वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
विनोद"