दसऱ्याच्या पाटावरचं जर्मन विमान

विळा-कोयता घासून मी पाटावर मांडत होते. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराचा, लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. ह्यांनी लोणावळ्याहून आणलेलं तळहाताएवढं, धातूचं जर्मन लढाऊ विमान शेजारी ठेवलं.

थोरले दीर महायुद्धात अशाच विमानाच्या गोळ्यांनी गेलेले. सासूबाई म्हणाल्या, "वैऱ्याचं इमान द्येवाम्होरं?"

"आये, दादाला शेवटचं त्यानंच बघितलंय."

सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं. मग दरवर्षी लावलं, त्यांच्यामागं ह्यांनी.

यंदा हेही गेले.

माझी नात अशी विमानं जमवते. काल तिनं ह्या विमानावरचं जुनं कुंकू घासून पार काढलं. म्हणाली, "आजी, बघ, नवं झालं."

एवढ्या मायेनं केलेलं, तिला काय बोलणार? तुम्ही बोलला असता?

आज दसरा. कुंकू मी लावलं.