काउंटरवरच्या ताईंचा ‘न’

ताईंची जीभ एकाच अक्षरावर अडायची. ‘न’वर. बाकीची बाराखडी सुरळीत, पण शब्द ‘न’ने सुरू झाला की जीभ दातांमागे चिकटायची ती चिकटायचीच. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला उघड सांगायच्या, “अडखळते म्हणूनच तर पसंत केली. म्हटलं, उलट उत्तर यायला वेळ लागेल, तोवर मी माझं बोलून घेईन.”

अशा बाईला काम मिळालं ते नाही म्हणायचं.

बसस्टँडसमोरचं लॉज, खोल्या चौदा. ताई काउंटरवर आणि थोरले शेठ समोरच्या सोफ्यावर पेपर वाचत. गिऱ्हाईक आत आलं की शेठ पेपरच्या कडेवरून एकदा बघणार. पेपर उघडा राहिला तर रजिस्टर पुढे सरकवायचं. पेपरची घडी झाली तर गिऱ्हाईक नको. घडी कुणासाठी होते, हे ताईंना महिनाभरात पाठ झालं. एकटी बाई. कपड्यांना सिमेंट लागलेली माणसं. आणि पलीकडे मोठं हॉस्पिटल होतं, त्यामुळे हातात एक्स-रेचं पाकीट असलेला कुणीही.

“खोलीत कुणी दगावलं, तर ती खोली पुढे घेणार कोण?” शेठ म्हणायचे. “लॉज आहे आपलं, धर्मशाळा नव्हे.”

‘खोली नाही’ म्हणणं ताईंना जमेना. त्यांनी आपला शब्द शोधला. “भरलंय.” ओठांवरून अलगद सुटणारा. “सगळं भरलंय हो, काका.” इतकं मऊ म्हणायच्या की लोक जाताना वर “बरं ताई” म्हणून जायचे. पहिल्या वर्षी घरी परतताना चेहरे आठवायचे. मग ते आठवेनासे झाले. असं करता करता नऊ वर्षं झाली.

थोरले शेठ थकले आणि धाकटे आले. त्यांनी सोफा बदलला, पडदे बदलले, आणि काउंटरवर कागद चिकटवला. फोन उचलला की पहिला शब्द ‘नमस्कार’.

“शेठ, ‘बोला’ म्हटलं तर?”

“‘बोला’ काय, ताई? भाजीचं दुकान आहे का?”

“सुप्रभात?”

“आणि दुपारी काय म्हणाल? नमस्कारच. सगळीकडे तेच चालतं.”

सासूबाईंनी घरी तालीम सुरू केली. “गाऊन म्हण. गाताना जीभ अडत नाही म्हणतात.” आणि खरंच, स्वयंपाकघरात कणीक मळताना “नमस्काऽऽर” सुरात बाहेर आलं. सासूबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, “आता लॉजवर तबलजी ठेव म्हणावं!”

काउंटरवर ताईंनी तसंच गायलं. पलीकडच्या माणसाला वाटलं, फोनची धून लागलीय. तो थांबला आणि कंटाळून फोन ठेवला. पुढचा फोन धाकट्या शेठनीच केला होता, बाहेर रस्त्यावर उभं राहून, तपासायला. काचेतून ते दिसत होते. त्यांना पाहिल्यावर सूर गेला. “न... न... न...” शेठ कानाला फोन लावून ऐकत राहिले. मग आत आले.

“ताई, लोकांना वाटतं लाइन खराब आहे. उद्यापासून दुसरी मुलगी येईल.”

“माझी काही चूक झाली का?”

“चूक कसली? धंदा माझा आहे. काउंटरवर कुणाला बसवायचं ते मी ठरवणार. कारण द्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?”

“हो,” ताई म्हणाल्या. त्यांना ते पटलं. त्यांनी तरी कुणाला कधी कारण दिलं होतं?

तेवढ्यात दार उघडलं. एक म्हातारा आणि त्याची बायको. बायकोच्या छातीशी पाकीट. धाकट्या शेठकडे पेपर नव्हता, त्यांनी नुसतं ताईंकडे बघितलं.

“सगळं भरलंय हो, काका.”

शब्द रोजच्यासारखाच सुटला. म्हातारा “बरं” म्हणाला. ताईंनी डबा पिशवीत टाकला, चष्म्याचं घर टाकलं, खुर्चीवरची उशी घ्यावी का हे क्षणभर बघितलं आणि राहू दिली.

बाहेर दुपारचे चार. ती दोघं फुटपाथवर उभी होती, पिशव्या पायांशी.

“ताई, सुटलात का?” म्हातारीने विचारलं. “जवळपास आणखी कुठे मिळेल का हो खोली? उद्या सकाळी यांचा नंबर आहे.”

ताईंना आसपासची सगळी लॉजं माहीत होती. सगळीकडे असेच कुणी शेठ असंच काउंटरकडे बघत असणार. त्या म्हणाल्या, “इथे... आत्ता... भरलेलं न...”

जीभ अडली.

म्हाताऱ्याने शब्द पुरवला नाही, की नजर चुकवली नाही. पिशवीवर टेकला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. एक रिक्षा थांबली आणि गेली. सिग्नल बदलला.

“न... न... नव्हतं,” ताई म्हणाल्या.

“ते कळलं आम्हाला तिथेच,” म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. “सवय आहे. चल गं, पुढच्या चौकात विचारू.”

त्यांनी पिशव्या उचलल्या. ताईंचं घरही त्याच बाजूला होतं. त्या चार पावलं अंतर ठेवून चालू लागल्या.