साहेबांचं राष्ट्रगीत मी मध्येच संपवलं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. कारण परक्या देशाचं राष्ट्रगीत ऐन मध्यावर संपवून टाकणारा माणूस तुम्ही दुसरा पाहिला नसेल!

मी मूळचा धुळ्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि फैजपूरला मामांकडे आलो. तिथले बागायतदार आबा, त्यांच्या पॅकहाऊसमध्ये केळीच्या फण्या हौदात धुवायच्या आणि खोक्यात भरायच्या, हे माझं काम. स्वभाव असा लाजरा की कोणी नाव विचारलं तरी आधी खाली बघणार.

आबांनी परदेशातून फण्या धुऊन पट्ट्यावरून पुढे नेणारं मोठं मशीन मागवलं. ते बसवायला दक्षिण आफ्रिकेहून योहान साहेब आले. गोरे, आणि दारातून येताना मान वाकवावी लागायची, एवढे उंच. जाण्याआधी ते आमच्यातला एक जण निवडणार आणि त्याला मशीन चालवायला शिकवणार, असं ठरलं होतं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की जेवण जात नव्हतं! पण बाकीची पोरं आयटीआय झालेली आणि मी नववी. साहेबांच्या नजरेत यायचं कसं?

संधी चालून आली ती रग्बीच्या रूपात. शनिवारी दुपारी साडेबाराला साहेबांच्या देशाचा न्यूझीलंडशी सामना होता. साहेबांनी आबांकडे दोन तासांची सुट्टी मागितली.

"सुट्टी कसली?" आबा म्हणाले. "आख्खं पॅकहाऊस बघेल! पाहुण्याचा देश खेळतोय."

रग्बी म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी मोबाइलवर पाहिलं. अंड्यासारखा चेंडू काखेत मारून खेळलेली कबड्डी, एवढं समजलं.

"सामन्याआधी राष्ट्रगीत होतं," आबा म्हणाले. "तेव्हा सगळे उभे राहिले पाहिजेत. ते ओळखणार कोण?"

माझा हात वर गेला. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच!

मग मी अभ्यासाला लागलो. कोणीतरी स्टेटसला ठेवलेला व्हिडिओ मिळाला, बरोबर एका मिनिटाचा. मनात म्हटलं, आपलं बावन्न सेकंदांचं, त्यांचं साठ. मोठा देश आहे, असेल. चार दिवस हौदापाशी तेच ऐकलं. शब्द कळेनात, पण कानावर पडले तसे खोक्याच्या पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून पाठ केले.

आता सांगा, शाळेत राष्ट्रगीत संपलं की आपण काय करतो? एक जण पुढे होतो आणि "भारत माता की" म्हणतो. मग पाहुण्यांना तेवढा मान नको? डब्याच्या सुट्टीत मी सगळ्यांची तालीम घेतली.

आमच्या गावाकडचे पंढरीनाना तिथे वजनकाट्यावर असतात. ते म्हणाले, "नुसतं 'आफ्रिका की' काय म्हणतोस रे भो? मायबी लाव ना!"

माता लावली.

शनिवार आला. शेडमध्ये आबांच्या घरचा टीव्ही, समोर चाळीस माणसं, पुढच्या रांगेत आबा, साहेब आणि आबांची मुलगी अश्विनीताई. ती जळगावला इंजिनिअरिंगला आहे, साहेबांचं बोलणं तीच आम्हाला समजावून सांगायची. मी टीव्हीच्या बाजूला, हातात साहेबांच्या देशाचा सहा रंगांचा झेंडा. तो वर केला की उठायचं, खाली केला की बसायचं.

गाणं सुरू झालं. झेंडा वर. चाळीस माणसं ताठ! साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने गायला लागले. मीही सोबत म्हणत होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर गेल्या. मला वाटलं, लागली नोकरी!

चाल संथ झाली. माझ्या मोजणीने साठ सेकंद झाले. मी दम घेतला आणि ओरडलो, "दक्षिण आफ्रिका माता की..."

"जय!" पत्रे हादरले. टाळ्या पडल्या. झेंडा खाली. चाळीस खुर्च्या करकरल्या.

एकच माणूस उभा राहिला. साहेब. डोळ्यांत पाणी, छातीवर हात, आणि गाणं चालूच! टीव्हीतले खेळाडूही गातच होते. चाल वेगळी, भाषा वेगळी, पण गाणं काही थांबेना.

"हाई दुसरं शे का?" नाना.

दुसरंच असेल, म्हणून मी झेंडा वर केला. सगळे उठले. तेवढ्यात भाषा परत बदलली. मी घाबरून झेंडा अर्धा खाली आणला, तर सगळे अर्धे बसले!

"अरे, एक काय ते ठरव!" आबा कळवळले. "गुडघे गेले माझे!"

शेवटी गाणं खरंच संपलं. घोषणा द्यायची वेळ आता होती. पण माझी हिंमत? मी झेंड्याकडेच बघत राहिलो. सगळी शेड माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेबांनी मागे वळून एकदा आमच्याकडे पाहिलं.

मग न्यूझीलंडचं राष्ट्रगीत. तेही दोन भाषांत, पण आता मी शहाणा झालो होतो. पूर्ण संपू दिलं, दहापर्यंत आकडे मोजले आणि मगच झेंडा खाली केला. हुश्श!

इतक्यात न्यूझीलंडचे खेळाडू रांगेत उभे राहिले. ओरडायला लागले, मांड्या थोपटायला लागले, जिभा बाहेर काढायला लागले.

अरे देवा! संपलंच नव्हतं की! झेंडा वर!

"यासना आंगमा उनं रे भो!" नाना उठता उठता म्हणाले.

"नाना, बोलू नका. अंगात नाही आलं, राष्ट्रगीत आहे."

चाळीस माणसं सावधान. आणि साहेब? हाताची घडी घालून खुर्चीत बसलेले, टीव्हीकडे रोखून बघत. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच्या देशाचा असा अपमान? मी जवळ गेलो. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत बोललो.

"सर, स्टँड अप."

अश्विनीताईने ओढणीत तोंड लपवलं.

"अरे, ते राष्ट्रगीत नाही," ती कशीबशी म्हणाली. "नाचून आव्हान देतायत. साहेबांच्या देशाला! आणि तू साहेबांना उभं करतोस?"

मध्यंतरात साहेबांनी मला बोलावलं. पुठ्ठाही मागितला. मला वाटलं, आता उद्यापासून हौदही गेला.

साहेब बोलत गेले, ताई सांगत गेली. त्यांचं राष्ट्रगीत पाच भाषांतलं, दोन जुन्या गाण्यांना जोडून केलेलं. माझ्या एका मिनिटाच्या व्हिडिओत त्यातलं पहिलंच मावलं होतं. साहेबांच्या लहानपणी गोऱ्यांचं गाणं वेगळं होतं, काळ्यांचं वेगळं. झेंडाही तेव्हा दुसरा होता. गाणी जोडली तरी साहेबांचे वडील पहिल्या, काळ्यांच्या भागाला कायम गप्प उभे राहायचे. साहेबांना त्या भागाचे शब्द शिकवले ते मैदानात शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी काळ्या माणसाने, रग्बीच्या सामन्यालाच.

"साहेब म्हणतात," ताई म्हणाली, "वडील पहिल्या भागाला गप्प राहायचे, आणि फैजपूर दुसऱ्या भागाला खाली बसलं. पूर्ण गाणं ऐकणारं घर काही त्यांच्या नशिबात नाही."

मी मेल्याहून मेलो. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"ताई, विचार ना, त्यांना रडू कुठे आलं? पहिल्या भागात की दुसऱ्या?"

साहेबांनी पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. मग हसले.

"दोन गाणी जोडलीत ना, तिथे," ताई म्हणाली. "नेमका तू ओरडलास तिथे."

सोमवारी साहेबांनी नाव सांगितलं. माझं! ज्या पोराने भाषा येत नसताना चार दिवस पुठ्ठ्यावर गाणं लिहिलं, तो मशीनही शिकेल, असं म्हणाले. आबांनी माझी पाठ थोपटली.

फक्त साहेबांनी एक अट घातली. ती आजही पाळली जाते. मशीन मी चालू करतो, पट्टा मी सांभाळतो, बिघडलं तर खोलतोही मीच.

पण काम संपलं की नाही हे ठरवतात पंढरीनाना. बंद करायच्या बटणाला हात लावायची मला मनाई आहे.