साडूची आणीबाणी

नागपूर शहरात माझ्या साडूला ओळखत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि तो जन्मलाच तर त्याच्या पाचवीला जाऊन माझा साडू पाळण्याची दोरी ओढून पाहील. हे मी कौतुकानं लिहितो आहे असा वाचणाऱ्याचा समज झाला तर मला बरं वाटेल. खरी गोष्ट अशी की मी त्याच्यावर जळतो. एकतीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय तो. मुलांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर फुल्ली-गोळा खेळावा असा जणू अलिखित नियमच होता. माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच काळात उमरेड-नागपूर एसटीवर तिकिटं फाडत होता. दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. मला शाळेनं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि विसरून गेली. तो मात्र निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत शाळाशाळांतून व्याख्यानं द्यायला लागला. विषय काय, तर 'नशा आणि आणीबाणी'.

आता आणीबाणी हा माझा धडा. तिचे तीन प्रकार, ती कोण जाहीर करतं, संसदेची मंजुरी, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. याची आणीबाणी म्हणजे गॅसची गळकी नळी, उघडी वायर, कुलूप लावलेला मागचा दरवाजा आणि पोराच्या दप्तरातली कसली तरी पुडी. मी त्याला एकदा समजावून सांगितलं, "अहो, या शब्दाला घटनेत अर्थ आहे. आणीबाणी राष्ट्रपती जाहीर करतात." तो शांतपणे म्हणाला, "दिल्लीत करत असतीन, सर. माह्या गाडीत मीच जाहीर करत होतो." माझी बायको आणि मेव्हणी दोघी हसल्या. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही वाक्याला कोणी असं हसलं नव्हतं.

त्याचं बोलणं ऐकायला मी एकदा जरीपटक्यातल्या एका शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसलो. उणी काढावीत हाच हेतू होता. त्यानं आधी सगळ्या पोरांना "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा होऊ द्या" करून दाटीवाटीनं बसवलं. मग म्हणाला, "पोट्टेहो, नशेचं पहिलं तिकीट फुकट असते. दोस्तच आणून देते. आता मले सांगा, इतक्या वर्षांत मी कोणाले फुकट तिकीट देल्लं का? मंग जो देऊन राहिला त्याले इच्यारा ना, बावा, गाडी कुठं चालली?" पोरं त्याच्याकडे अशी बघत होती की मला माझा खडू आठवला, माझा फळा आठवला आणि मूलभूत कर्तव्यं लिहीत असताना माझ्या पाठीमागे उठणाऱ्या जांभया आठवल्या. शेवटी त्याला शाल आणि नारळ मिळाला. असे नारळ त्याला इतके मिळतात की मेव्हणी ते आमच्याकडे पाठवते. चार वर्षं मी माझ्या साडूच्या सत्काराची चटणी खातो आहे. चटणी चांगली होते, हे दुःख वेगळं.

कोणाच्याही घरी गेला की तो चपला काढायच्या आधी मीटरपेटीकडे पाहतो. पाणी मागायला म्हणून स्वयंपाकघरात शिरतो आणि शेगडीमागे वाकून नळीवरची तारीख वाचतो. लकडगंजमधल्या एका लग्नात पंगत बसलेली असताना त्याला मागचं दार दिसलं. दारापुढे छतापर्यंत रचलेल्या खुर्च्या. मुलीचे मामा म्हणाले, "जेवून घ्या जी, मंग पाहू." हा उठला. कोट काढून माझ्या हातात दिला आणि एकेक खुर्ची उचलून बाहेर नेऊ लागला. दहा-बारा खुर्च्या झाल्यावर दोन वऱ्हाडी उठले, मग चार, मग खुद्द मामा. पंगत अर्धी रिकामी आणि मी नवरदेवासारखा कोट घेऊन उभा! जिलेबी गार झाली. वधुपिता मात्र हात जोडून मला काय म्हणाला? "तुमी त्यांचे साडू ना? नशीबवान आहात."

इथपर्यंतचं मी पुष्कळांना रंगवून सांगतो. पुढचं आत्ताआत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर माझी झोप गेली होती. सुरुवातीला डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दहा दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून मी वेगवेगळ्या दुकानांतून त्या आणत राहिलो. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. न्हाणीघरात दोनदा पडलो, बायकोला सांगितलं फरशी ओली होती. एकदा तर भरदुपारी जरीपटक्याच्या बाजारात घरचा रस्ताच सुचेना. एका रिक्षावाल्यानं पत्ता विचारून आणून सोडलं. नागरिकशास्त्राचा मास्तर आणि नशा, हे दोन शब्द शेजारी येऊ शकतात असं माझ्या मनातही येत नव्हतं. नशा ती पोरं करतात, ज्यांच्यासाठी साडू व्याख्यानं देतो. मी औषध घेत होतो.

एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. रिवाजाप्रमाणे शेगडीमागे वाकला आणि ओरडला, "सर, तारीख बारीक आहे, तुमचा चष्मा द्या जरा!" मी नको म्हणायच्या आत त्यानं टेबलावरची चष्म्याची डबी उघडली. डबीत चष्मा नव्हता. घड्या घातलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या. बायको भाकरी थापत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. त्यानं डबी टक्कन बंद केली आणि म्हणाला, "यात नाही चष्मा. राहू द्या, नळी नवीनच दिसते." तारीख न वाचता उठलेला साडू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

जेवण झाल्यावर तो मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. मी वाट पाहत होतो की आता फुकट तिकिटाचं व्याख्यान सुरू होईल. त्यानं एवढंच विचारलं, "किती?"

"एक," मी म्हणालो.

तो चहा पीत राहिला.

"तीन," मी म्हणालो. आणि मग उगाचच भडकलो. "आता सांगा शाळाशाळांतून! माझे साडू मास्तर, ते असे असे निघाले. टाळ्या पडतील."

"काहून सांगीन जी?" तो म्हणाला. "माह्याजवळ माही गोष्ट आहे ना."

ती त्यानं मला तिथं सांगितली. उमरेडहून रोज सकाळी एक बाबू माणूस त्याच्या गाडीत बसायचा. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. खिडकीपाशी बसला की झोपायचा. खोकल्याच्या औषधाची बाटली त्याच्या पिशवीत असायची, साडूनं कितीदा पाहिली होती. त्याला वाटायचं, छातीचा आजार असेल. नागपूर आलं की तो त्याला हलवून उठवायचा. "एक दिवस नाही उठला, सर. डायवरले म्हटलं, गाडी दवाखान्यात घे. पासिंजरसकट नेली. काही उपेग झाला नाही." त्यानं कप खाली ठेवला. "मी रोज त्याचं तिकीट फाडत होतो. तोंड नाही पाह्यलं कधी. आणीबाणी आली का सारे धावतेत हो. ते येऊन राहिली असते, तवा कोणी पाहत नाही."

मी चहाचे पैसे दिले. मग विचारलं, "हे तुम्ही व्याख्यानात का सांगत नाही?"

"सांगाले गेलो का खिडकीपाशी तोच बसलेला दिसते," तो म्हणाला.

बायकोला सांगायचं काम त्यानं माझ्यावरच टाकलं. "ताईले मी नाही सांगणार. तुमीच सांगा." सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. तुमी कधी सांगता तेच पाहून राहिली होती मी." मग दुसऱ्या दिवशी साडू मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, मी सांगेन तशा. ते सांगत होते मला, पण बघत होते साडूकडे, आणि निघताना त्यांनी आपल्या मुलीच्या कॉलेजात व्याख्यानाचं निमंत्रणही त्यालाच दिलं. एवढ्या अवस्थेतही मी जळलो. पुढचे चार महिने तो रोज सकाळी मला फिरायला नेत होता. मी चिडायचो, त्याला वाटेल ते बोलायचो. एकदा तर "तुमचं शिक्षण किती?" असंही विचारलं. तो म्हणाला, "दहावी, सर. नागरिकशास्त्रात काठावर पास," आणि चालत राहिला.

गोळ्या सुटल्या. झोप अजून नखऱ्याची आहे, पण ती माझी आहे. त्यानंतर एका शाळेत, ऐनवेळी, त्यानं माईक माझ्या हातात दिला. "आज सर बोलतीन." मी धड्यातलं काही बोललो नाही. न्हाणीघरातलं पडणं सांगितलं, बाजारात हरवलेला रस्ता सांगितला. कोणी जांभई दिली नाही. संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली, साडूजवळ नाही, माझ्याजवळ, आणि हळूच म्हणाली, "सर, माह्या आईच्या उशीखाली पण अशाच पट्ट्या असतात. कोणाले दाखवू?" मी तिला वर्गशिक्षिकेकडे नेलं, डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. परत येताना साडू स्कूटरवर माझ्या मागे बसला होता. मग म्हणाला, "चांगलं बोलले. मागच्या बाकापर्यंत आवाज नाही आला फक्त." ज्या सुरात तो हे म्हणाला, तो सूर मी चांगला ओळखतो. कित्येक वर्षं तो माझाच आहे. मला आनंद व्हायला हवा होता.

हल्ली त्याचे गुडघे दुखतात. पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून व्याख्यानाला मी एकटाच जातो. परवा उमरेडला गेलो होतो. मुलांनी नीट ऐकलं, चार प्रश्नही विचारले. परत आल्यावर सरळ त्याच्या घरी गेलो. तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता, पेपर उघडा, पण वाचत नव्हता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. पण सगळी पोरं तुमच्याबद्दल विचारत होती. कंडक्टरसाहेब काहून नाही आले म्हणे."

कोणीही विचारलं नव्हतं. तिथली पोरं नवी होती, त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं पेपर बाजूला ठेवला, पाय खाली घेतले आणि मला शेजारी बसायला जागा केली.

"सांगा बरं," तो म्हणाला, "कोण कोण इचारत होतं?"

आणि मी एकेक नाव रचून सांगत बसलो.