पोक्रोवपर्यंतचं कुलूप

अवेर्की गुराख्याने चाळीस उन्हाळे गावची गुरं राखली, आणि तेवढ्या काळात रानातलं एकही फळ हाताने तोडलं नाही. म्हणजे, एकदा सोडून.

येगोरीच्या सणाला, नदीवरचं बर्फ फुटलं की गुरं पहिल्यांदा बाहेर पडत. अवेर्की देवाची तसबीर आणि मेणबत्ती घेऊन कळपाभोवती तीन फेरे घाली. वाटेवर उघडं कुलूप ठेवी आणि शेवटचं वासरू ओलांडून गेलं की खटकन लावी. लांडग्या-अस्वलांचे जबडे त्यासरशी बंद. मग ते कुलूप कुठे पुरलं, हे एक त्यालाच ठाऊक. बदल्यात रानाला शब्द द्यायचा: शरदात पोक्रोवचा सण येऊन गुरं गोठ्यात जाईपर्यंत रानचं फळ तोडायचं नाही, खायचं नाही, डोक्याला कात्री लावायची नाही.

विशीत त्याने ओंजळभर रास्पबेरी खाल्ली होती. चौथ्या दिवशी अस्वलाने एका विधवेची गाय नेली. बाई रिकामं दावं मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिली. ते दावं अवेर्कीच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

त्याची बायको उस्तिन्या दर उन्हाळ्यात दलदलीवर जाऊन मोरोश्काची पिवळीधमक फळं वेचून आणी. यंदा तिचे पाय गेले. डॉक्टर म्हणाला, शरद दिसला तर नशीब. शेजारच्या फेतिन्याने वाडगाभर मोरोश्का आणून दिली, तर उस्तिन्याने वास घेतला आणि वाडगा सरकवला.

"ही माझ्या दलदलीतली नाही."

फेतिन्याने अवेर्कीला कुंपणापाशी गाठलं. "अवेर्की साविच, गुरं रोज तिथेच तर नेता. मूठभर आणा की तिला! कोण बघतंय?"

"तुझी पेस्त्रुखा गाय कोण राखतंय?"

फेतिन्याने आपल्या गोठ्याकडे पाहिलं. "मग राहू द्या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अवेर्कीने शिंग फुंकलं, गुरं गोळा केली आणि बायकोला पाठीवर घेतलं. ती चिपाडासारखी हलकी झाली होती.

"लग्नात तरी उचललं होतंस का रे म्हाताऱ्या?"

"तेव्हा तू जड होतीस."

गाई पुढे, हे दोघं मागे. दलदलीत एका कोरड्या उंचवट्यावर त्याने तिला बसवलं. धुकं विरत गेलं तशी सगळी दलदल पिवळी होत गेली. हात पोचेल तिथलं तिने वेचलं, मग म्हणाली, "आता तिकडे ठेव मला." त्याने उचलून तिकडे ठेवलं. दुपारपर्यंत हेच चाललं. तिच्या गालांवर रंग आला.

तिने सगळ्यांत पिकलेलं फळ त्याच्या ओठांशी नेलं. त्याने तोंड गच्च मिटलं.

"बरं," ती म्हणाली. "तू खात नाहीस तोवर मीही नाही."

"पोक्रोवला अजून अडीच महिने आहेत, उस्तिन्या."

"मला मोजता येतं."

फळं टिकावीत म्हणून झऱ्याच्या पाण्यात बुडवून बरणी तळघरात ठेवली. रोज संध्याकाळी अवेर्की गुरं घरोघरी सोडून घरी आला की आधी खिडकीकडे बघे. खिडकीत तिच्या डोक्याचा रुमाल दिसला की शिंग खुंटीला टांगी. काही संध्याकाळी रुमाल दिसायला उशीर होई. तेव्हा तो अंगणातच उभा राही.

पोक्रोवला सकाळीच बर्फ पडलं. एकूण एक गाय आपापल्या गोठ्यात शिरली. अवेर्कीने पुरलेलं कुलूप उकरलं, चिखल पुसला, किल्ली फिरवली. गंज होता, दोनदा फिरवावी लागली. मग तो घरात गेला.

उस्तिन्या उशीला टेकून बसली होती. बरणी मांडीवर, चमचा हातात.

"उघडलंस?"

"उघडलं."

"मग तोंडही उघड," ती म्हणाली.