सावलीत वाळवलेला पाला

माझी थोरली बहीण बियाणं राखायची. ताई तिसरीच्या पुढे शिकली नाही, पण चवळीचा दाणा दाताखाली धरून तो पुरता वाळलाय की नाही, हे अचूक सांगायची. डब्यात भरण्याआधी ती दाण्यांना एरंडेलाचा हात लावायची. मग कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा आणि चिमूटभर वेखंड. पाला सावलीतच वाळवायचा, उन्हात त्याचं कडूपण जातं, असं तिचं म्हणणं. भुंगा तिच्या डब्यांकडे फिरकत नसे.

मागची खोली त्या डब्यांचीच होती. ही, म्हणजे माझी बायको, नाक मुरडायची. "वन्सं, या वासानं भुंगेच काय, पाहुणेही फिरकेनात."

"बरंच की. चहा वाचतो," ताई म्हणायची.

तिची तांबडी, ठिपक्यांची चवळी पूर्वी लोक मागून न्यायचे. हळूहळू सगळे बाजारच्या बियाण्याकडे वळले. एका वर्षी पुराचं पाणी शेतात आठवडाभर उभं राहिलं आणि पीक सडलं. आधी तोडलेल्या शेंगांचं डबाभर बी तेवढं राहिलं. त्या जातीचं दुसरीकडे कुठे काही उरलेलं नव्हतं.

"हा डबा गेला की ती गेली," ताई म्हणाली.

पाला वाळला की नाही, हे ती मूठ कानाशी नेऊन, चुरडून ओळखायची. वाळलेला पाला कुरकुरतो. ओल राहिली तर नुसता दबतो. पण तोवर तिची बोटं आखडली होती आणि कानही गेले होते. ही तेव्हा लेकीकडे गेलेली. ताईनं पाला माझ्या हातात दिला.

"चुरड. वाजतोय का रे?"

मला काहीच ऐकू आलं नाही. माझेही कान दोन वर्षांपासून मंदावले होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. सगळ्यांच्या हो ला हो करून निभावून न्यायचो. वाटलं, पाला वाजत असणारच, आपल्यालाच कळत नाही.

"वाजतोय," मी म्हणालो.

"नीट बघ हं. आभाळ होतं चार दिवस."

"अगं, वाजतोय म्हटलं ना!"

मीच तो चुरून डब्यात घातला. बोटांना जरा चिवट लागला. तरी बोललो नाही. झाकण मेणानं बंद केलं.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी डबा उघडला, तर आतून कोंदट वास आला. दाणे एकमेकांना चिकटलेले, वर पांढरी बुरशी. ताईनं एकेक दाणा फडक्यानं पुसला. त्यातले बरे दिसणारे शंभर निवडून ओल्या कापडात गुंडाळले. चौथ्या दिवशी उघडून पाहिलं, मग सहाव्या, मग आठव्या. एकालाही कोंब नव्हता. उरलेलेही भिजवले. ते मऊ पडले आणि त्यांना घाण सुटली.

मी तिच्याजवळ बसलो. "ताई, मला पाला ऐकू आलाच नव्हता."

"काय म्हणतोस?"

तेच मला ओरडून सांगावं लागलं. स्वयंपाकघरातली भांड्यांची हालचाल थांबली. ही दारात येऊन उभी राहिली.

ताईनं हातातलं ओलं कापड पिळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नाही म्हणाला असतास तर आणखी दोन दिवस वाळवला असता. एवढंच तर होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली, पण बी राखलं नाही. डबे हिला देऊन टाकले. पेरणीच्या दिवसांत नांगरणीवाला येऊन विचारायचा, "ताई, यंदा काय टाकायचं?"

"त्याला विचार," ती म्हणायची.

मी बाजारातून मका आणायचो. तो उगवायचा, चांगला उगवायचा. ताई बांधापर्यंतही कधी आली नाही.